पट्टी कुठे आहे ते आधी बघ

ताई,
सा. न. वि. वि.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमची सातपूरची कंपनी बंद पडली, पंचवटीतली खोली तुम्ही सोडलीत, आणि त्यानंतर आपली गाठ पडली नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. १९९३ च्या जुलैमध्ये एका शनिवारी रात्री, नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात, तुम्ही वीस वर्षांच्या एका पोराची नोकरी वाचवलीत. ट्रकमधल्या मालाच्या पावतीला बिल्टी म्हणतात, त्यावरून त्याला तुम्ही ‘बिल्टी’ म्हणायचात. तो मी.

त्या रात्रीचं तुम्हाला कितपत आठवत असेल माहीत नाही, मला मात्र सगळं लख्ख आठवतं. ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता. ४० एमबीची हार्ड डिस्क आणि पिवळसर अक्षरांचा मोनो मॉनिटर. डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये मी बिल्ट्या भरायचो, तालुक्याला एक फाइल. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची प्रणाली. त्यात फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळायची. इंग्रजी स्पेलिंगनं इगतपुरी बरोबर आठात बसायचं, मालेगाव आणि चांदवडही बसायचं. लासलगाव तालुका नसूनही कांद्यामुळे त्याची वेगळी फाइल ठेवावी लागे, आणि त्याचं शेवटचं अक्षर मी कापलं होतं. दर शनिवारी हार्ड डिस्कवरचा डेटा फ्लॉपीवर घ्यायचा, असं शेठनी सांगितलेलं. गेले चार शनिवार मी ते टाळलं होतं.

मशीन विकणाऱ्याकडचा मुलगा जाताना त्यात नॉर्टन कमांडर हा फायली बघायचा, हलवायचा प्रोग्रॅम टाकून गेला होता. दाखवलं काहीच नाही, फक्त म्हणाला, ‘फायलींच्या यादीसाठी डीआयआर मारत बसू नको, यात सगळं दिसतं.’ दिसत होतंच. स्क्रीनच्या दोन उभ्या चौकटी, डावीकडे सी ड्राइव्ह म्हणजे हार्ड डिस्क, उजवीकडे फ्लॉपी. दोन्हीकडे तीच नावं, कारण एक दुसऱ्याची नक्कल. फ्लॉपी आधी रिकामी करावी म्हणून मी कीबोर्डच्या उजव्या टोकाचं अधिकाचं बटण दाबून सगळ्या फायली निवडल्या आणि एफ-८ दाबलं. त्यानं विचारलं, खरंच काढू का? मी एंटर दाबलं. डावी चौकट रिकामी झाली.

घाबरून मी जुन्या फ्लॉपीवरून फायली परत आणायला लागलो. दोन आल्या. तिसरीला ड्राइव्ह खरखरला आणि डॉस अडून बसलं. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेठ एवढंच म्हणाले, ‘सोमवारी हिशोब नसेल तर तूही येऊ नको.’

आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या तुम्ही एकट्याच. मी दारात उभा राहिलो आणि तुमचा पहिला प्रश्न होता, ‘मशीन चालू आहे की बंद?’ चालू आहे म्हटल्यावर, ‘त्यानंतर त्यात काही लिहिलंस?’ मी खाली बघितलं. तुम्ही रागावला नाहीत. फ्लॉप्यांचा डबा पिशवीत टाकलात, लुना काढलीत, आणि कन्नमवार पुलावरून आपण भर पावसात द्वारकेला आलो. पिशवी तुम्ही रेनकोटच्या आत धरली होती. आपण दोघं भिजलो, डबा कोरडा राहिला.

तुम्ही काय केलंत ते मी आज माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना जसंच्या तसं सांगतो. हार्ड डिस्कवरून मशीन सुरूच केलं नाहीत. ज्या फ्लॉपीच्या खाचेवर चंदेरी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे जिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, ती घालून त्यावरून डॉस चालू केलंत. मग दुसऱ्या फ्लॉपीवरून नॉर्टनचं अनइरेज, पुसलेल्या फायली परत आणणारं. स्क्रीनवर माझ्या सगळ्या फायली दिसल्या, पण प्रत्येकीचं पहिलं अक्षर गायब, त्या जागी प्रश्नचिन्ह. इन्नर. इफाड. इंदोरी. गतपुरी. तुम्ही म्हणालात, ‘डॉस फाइल पुसत नाही रे. यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे ई-५ हा आकडा ठेवतं आणि तिची जागा मोकळी झाली असं मांडून ठेवतं. बाकी सगळं तिथंच असतं, दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत. चल, पहिली अक्षरं सांग.’

मग मी एकेक तालुका सांगत गेलो. एस, एन, डी, आय. शाळेत भूगोलाच्या बाई विचारायच्या तसं. प्रत्येक अक्षराबरोबर एक फाइल परत येत होती. तो आनंद मला नीट सांगता येत नाही.

अडली ती लासलगावची. सगळ्यात मोठी फाइल, रोज वाढणारी, त्यामुळे तिचे तुकडे डिस्कभर विखुरलेले. खोडलेली फाइल कुठे सुरू होते आणि किती लांब आहे एवढंच यादीत उरतं, पुढचे तुकडे कुठे आहेत याची साखळी पुसली जाते. शिवाय त्यातल्या काही जागांवर मी घाईत आणलेल्या त्या दोन फायली बसल्या होत्या. इतर कोणी असतं तर म्हणालं असतं, एवढ्या आल्या ना, पुरे. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. दोन-दोन केबीचा एकेक तुकडा उघडून वाचायला सुरुवात केलीत. डीबेसच्या फायलीत मजकूर साधाच असतो, त्यामुळे गाड्यांचे नंबर जसेच्या तसे दिसत होते. एमएच-१५ आणि पुढे लासलगाव दिसलं की तुम्ही मला बिल्टीबुकातला नंबर विचारायचात, मी कागद चाळून क्रम सांगायचो, तुम्ही तो तुकडा जोडायचात. अठरापैकी सोळा तुकडे मिळाले. उरलेल्या दोन तुकड्यांतल्या बिल्ट्या मी रविवारी बसून हातानं भरल्या. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते तेव्हा तुम्ही उठलात. पैशाचं विचारलं तर म्हणालात, ‘पुढचे चार रविवार सकाळी इथे ये, मी येते. आणि फ्लॉप्या नव्या आण, त्या शेठकडून.’

त्या चार रविवारी जे शिकलो त्यावर माझं घर चाललंय.

पहिल्या रविवारी तुम्ही मला कुठलंही बटण दाबू दिलं नाही. विचारलंत, ‘पट्टी कुठे आहे?’ दोन चौकटी दिसतात, पण उजळलेली पट्टी एकाच चौकटीत असते. जिथे पट्टी तिथे तू उभा आहेस, समोरची चौकट म्हणजे जायचं ठिकाण. टॅब मारला की पट्टी पलीकडे. एफ-५ नक्कल, एफ-६ हलवणं, एफ-७ नवी डिरेक्टरी, एफ-८ पुसणं. कंट्रोल आणि ओ दाबलं की दोन्ही चौकटी पडद्यासारख्या बाजूला होतात आणि मागचं डॉस दिसतं. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळालं असतं. पण एफ-८ च्या आधी बोट उचलून पट्टी बघायची, ही सवय पुस्तकानं लागली नसती.

तुमच्याकडे फायली सांभाळायचा दुसरा प्रोग्रॅम, एक्सट्री पण होतं, १९८५ पासूनचं. त्यात डिरेक्टऱ्यांचं झाड छान दिसायचं. मी विचारलं, मग हे का नाही वापरायचं? तुम्ही म्हणालात की एक्सट्री डॉसला झाकतं आणि कमांडर झाकत नाही. खाली प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ, तशीच राहते, हवं तेव्हा कमांड टाइप कर, हवं तेव्हा बाण वापर. माझ्या मते तो प्रोग्रॅम टिकला तो याच गुणामुळे. नवख्याला आधार आणि जाणत्याला मोकळीक, दोन्ही एकाच स्क्रीनवर.

शेवटच्या रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं, हा नॉर्टन कोण? तुम्ही हसून म्हणालात, ‘डब्यावर नाव एकाचं असतं, लिहिणारा दुसराच असणार. कधी शोधून काढलंस तर मलाही सांग.’ ते सांगायचं राहून गेलं.

तर ताई, तुमचं बरोबर होतं. पीटर नॉर्टन यांचं मोठं काम म्हणजे तुम्ही त्या रात्री चालवलेलं ते अनइरेज. १९८२ च्या नॉर्टन युटिलिटीज या प्रोग्रॅमसंचातलं. कमांडर मात्र लिहिलं जॉन सोचा यांनी. १९८४ मध्ये ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते, तेव्हा सुरुवात केली. मनातलं नाव होतं व्हिज्युअल डॉस. पुढे ते नॉर्टन यांच्या कंपनीत गेले आणि १९८६ मध्ये ते नॉर्टन कमांडर म्हणून बाजारात आलं. बरंचसं सी भाषेत, आणि वेग हवा तिथे असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत.

वेग कुठून यायचा हे कळल्यावर मला तुमची फार आठवण आली, कारण तुम्हाला हे आवडलं असतं. टेक्स्ट स्क्रीन म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळी, एकूण २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. म्हणजे अख्खी स्क्रीन ४००० बाइटांत मावते. डॉसला ‘हे छाप’ असं सांगत न बसता थेट त्या मेमरीत लिहिलं की चौकट डोळ्यादेखत उमटते. चौकटीच्या दुहेरी रेघासुद्धा अक्षरंच. आणि डॉसला मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीत सगळं बसवायचं असल्यानं, आपण डीबेस चालवलं की कमांडरचा मोठा भाग मेमरीतून निघून जायचा, एक छोटासा तुकडा राखणीला ठेवून. डीबेस संपलं की तो तुकडा मोठ्याला परत बोलावायचा. बिल्ट्या भरून बाहेर आलो की डिस्कचा दिवा क्षणभर लुकलुकायचा, तो त्यासाठी.

१९९० मध्ये नॉर्टन यांची कंपनी सिमँटेकनं घेतली. पुढे विंडोज आलं आणि मूळ कमांडर मागे पडला. पण त्या दोन चौकटी दुसऱ्यांनी उचलल्या. युक्रेनमध्ये व्होल्कोव्ह यांनी अख्खा कमांडर असेंब्लीत लिहून ६४ केबीच्या आत बसवला. स्वित्झर्लंडच्या गिस्लर यांनी १९९३ मध्ये विंडोजसाठी केला, तो आज टोटल कमांडर. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्ससाठी मिडनाइट कमांडर सुरू केला, सगळ्यांसाठी खुला. फायली दाबून लहान करणारं ‘रार’ करणाऱ्या रोशाल यांनी १९९६ मध्ये फार मॅनेजर केला. यातल्या प्रत्येकात एफ-५ म्हणजे नक्कल आणि एफ-८ म्हणजे पुसणंच. मला याचं फार अप्रूप वाटतं. कुणी सक्ती केलेली नव्हती. लोकांच्या बोटांना लागलेली सवय मोडायची नाही, एवढा मान प्रत्येकानं राखला.

मी आज अंबडच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. लिनक्सवर मिडनाइट कमांडर रोज उघडा असतो. त्याचा निळा रंग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी थबकलो होतो, कारण आपल्या मोनो मॉनिटरवर कमांडर निळा असतो हे कळायला मार्गच नव्हता. गेल्या महिन्यात नवीन लागलेली मुलगी एका ग्राहकाचा डेटा हलवत होती. तिच्या मागे उभं राहून मी तुमच्याच शब्दांत म्हणालो, ‘पट्टी कुठे आहे ते आधी बघ.’ तिनं बघितलं. चुकीच्या चौकटीत होती. टॅब मारला आणि कामाला लागली.

चंदेरी चिकटपट्टीची ती फ्लॉपी तुम्ही जाताना माझ्याकडेच ठेवलीत, ‘पुन्हा लागेल’ म्हणून. अजून आहे. ती वाचणारा ड्राइव्ह आता माझ्याकडे नाही, पण पट्टी सुटलेली नाही. दर पावसाळ्याच्या आधी मी ती काढून पुसून कोरड्या डब्यात ठेवतो.

आम्ही अजून पंचवटीतच राहतो, त्याच गल्लीत, फक्त वाडा पडून तिथे इमारत झाली. तुम्ही नाशिकला आलात तर कुणालाही विचारा, बिल्ट्या भरणारा तो मुलगा कुठे राहतो. जुनी माणसं अजून मला तसंच ओळखतात. तुमची फ्लॉपी परत द्यायची आहे.

आपला,
बिल्टी