आवाज नको, वाक्य बदल

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सगळं सांगितलं खरं, पण बाबांना नीट ऐकू आलं नव्हतं, हे त्यांच्या लागोपाठच्या "हो, हो"वरूनच मला कळलं. म्हणून आता सावकाश लिहिते. दोन बातम्या आहेत. कॉलेजचा निकाल लागला, पदवी हाती आली. आणि परवा फ्लाइट इन्स्ट्रक्टरची परीक्षाही पास झाले. आता मी दुसऱ्याला विमान उडवायला शिकवू शकते, लायसन्सवर तशी नोंद झाली आहे.

पदवीबद्दल फार लिहीत नाही. शेवटचं सत्र सकाळी उड्डाण, दुपारी वर्ग आणि रात्री प्रोजेक्ट असं गेलं. गुण चांगले आहेत, बाबांना हवे होते तेवढे.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती आज सांगून टाकते. मधे मी "परीक्षा पुढे ढकलली" असं म्हणाले होते ना, ते खरं नव्हतं. परीक्षा झाली होती आणि मी नापास झाले होते. आई, तू "बरं झालं, तेवढाच अभ्यासाला वेळ मिळाला" म्हणालीस, तेव्हा मला रडू आवरेना, म्हणून मी फोन ठेवला. खोटं बोलले, माफ कर.

उडवण्यात नापास झाले नव्हते. विमानापर्यंत पोहोचलेच नाही. या परीक्षेत आधी जमिनीवर धडा शिकवून दाखवायचा असतो. परीक्षक समोर विद्यार्थी होऊन बसतात आणि काहीच माहीत नसल्यासारखं ऐकतात. मला विषय मिळाला 'ॲडव्हर्स यॉ'. डावीकडे वळायला जावं, तर विमानाचं नाक आधी थोडं उजवीकडे जातं, ते का, हे समजवायचं होतं. मी फळ्यावर सुंदर आकृती काढली आणि पुस्तकातलं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "समजलं नाही." मी तेच पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "अजून नाही समजलं." मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर चार दिवस घरी आले होते, आठवतं? बाबांचं कानातलं मशीन नवं होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं. संध्याकाळी बाबांनी सहज विचारलं, "सध्या काय शिकतेस?" मी सांगितलं. ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "आवाज नको वाढवूस. वाक्य बदल."

बाबा, तुम्ही ते कानांबद्दल म्हणालात. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला तोच धडा शिकवायला बसले. तुम्हाला माहीत नव्हतं, पण ती माझी खरी तयारी होती. वाक्य लांब झालं की तुमचा चेहरा कोरा व्हायचा. मग मी ते तोडायचे. शेवटी असं झालं: डावीकडे वळायचं, तर उजवा पंख वर उचलायचा. जो पंख जास्त उचलतो, त्याला हवाही जास्त मागे ओढते. म्हणून नाक उजवीकडे जातं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे हातगाडीचं एक चाक रुतलं की गाडी त्याच बाजूला फिरते, तसं." अगदी तसंच, बाबा. आणि ते फिरू नये म्हणून डाव्या पायाने रडर दाबायचा, म्हणजे शेपटीवरचं उभं पातं वळतं. राइट बंधूंनाही त्यांच्या १९०२ सालच्या ग्लायडरवर हाच त्रास झाला होता. मागचा रडर त्यांनी आधी पक्का बसवला होता, तो हलता केला तेव्हा कुठे त्यांना नीट वळता आलं. पुढच्याच वर्षी, १७ डिसेंबर १९०३ ला, ते इंजिन लावून उडाले. दुसऱ्या परीक्षेत मी पुस्तकातलं वाक्य म्हटलंच नाही, हातगाडी सांगितली. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला, म्हणजे त्यांना समजलं होतं.

आणि आई, तू. तुला मी डाव्या खुर्चीत बसवलं, हातात छत्री दिली आणि म्हटलं, "हा योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. आता नाक थोडं वर घे." तू विचारलंस, "थोडं म्हणजे किती?" मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी 'थोडं' म्हणत होते आणि माझ्या हातांना ते कळत होतं. शिकवणाऱ्याला ते शब्दांत सांगता यायला हवं. आता मी सांगते: समोरच्या काचेतून बघ. विमानाचं नाक आणि क्षितिज यांच्यामध्ये चार आडवी बोटं बसतात, ही सरळ उडण्याची स्थिती. दोनच बोटं उरली, तर विमान चढतंय. विमानात विद्यार्थी खरोखर हात लांब करून बोटं मोजतात. हा धडा तुझ्या प्रश्नाने तयार झाला.

हवेतलं प्रशिक्षण वेगळंच होतं. पायलट डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. एवढाच तर फरक, असं वाटायचं. पण उजव्या सीटवर बसले आणि सगळं उलटं झालं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, डाव्या हातात, योक उजव्या हातात, आणि घड्याळांसारखी सगळी मीटर्स लांब, तिरकी दिसणारी. पहिले काही दिवस धावपट्टीची मधली रेषाच मला सापडेना. शंभर वेळा उतरवलेलं विमान पुन्हा शिकावं लागलं.

सगळ्यांत अवघड म्हणजे हात. उतरताना विद्यार्थी योक धरतो, आणि माझा हात योकच्या भोवती असतो, पण लागत नाही. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये बोटभर हवा. विद्यार्थी चुकतोय हे मला त्याच्या आधी कळतं, तरी थांबायचं, कारण ती चूक त्याला स्वतःला दिसायला हवी. पण किती थांबायचं? परीक्षेत विद्यार्थी झालेल्या परीक्षकांनी उतरताना मुद्दाम विमान जमिनीपासून फार वर असतानाच जमिनीला समांतर केलं. मी म्हटलं, "नाक तिथेच धरा." वेग कमी होत होता. मी अजून अर्धा श्वास थांबले, मग "आय हॅव कंट्रोल" म्हणून थ्रॉटल पुढे केला. ते म्हणाले, "यू हॅव कंट्रोल," आणि हात सोडले. विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल क्षणभरही शंका राहू नये, म्हणून हे शब्द मोठ्याने बोलायचेच असतात. तो अर्धा श्वास मला अजून आठवतो.

आई, तुझी काळजी मला माहीत आहे. तू विचारत नाहीस, फक्त "जपून" म्हणतेस. म्हणून जे सगळ्यांत भीतीदायक वाटतं तेच सांगते. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखाला वारा ज्या कोनातून लागतो, तो साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वारा पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि पंख विमानाला पेलू शकत नाही. त्या वेळी विमान बाजूला घसरत असेल, तर ते गरगरत खाली येतं. त्याला स्पिन म्हणतात. समोर जमीन फिरताना दिसते आणि मन म्हणतं, योक मागे ओढ. ओढलास तर सुटका नाही. थ्रॉटल मागे, एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) सरळ, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबायचा, मग योक पुढे. फिरणं थांबलं की रडर सरळ करायचा आणि हळूच नाक वर घ्यायचं. मी हे भरपूर उंचीवर जाऊन, शिक्षक शेजारी असताना, पुन्हा पुन्हा केलं आहे. पहिल्यांदा पोटात गोळा आला. नंतर मी फेऱ्या मोजू लागले.

बाबा, तुम्हाला आवडेल असं काही. १९१७ साली इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी पायलटांना शिकवण्याची पद्धतच बदलली. धोक्याच्या प्रकारांपासून विद्यार्थ्याला लांब ठेवण्याऐवजी ते त्याला मुद्दाम त्यात नेत आणि बाहेर यायला शिकवत. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू जावं म्हणून त्यांच्याकडे बोलण्याची नळी होती, एका टोकाला शिक्षकाचं तोंड, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याचे कान. म्हणजे शिकवणाऱ्याची आणि ऐकू न येणाऱ्याची ही खटपट शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

तुम्ही विचारलं होतं, "हे शिकवणं म्हणजे उड्डाणाचे तास भरून काढण्यापुरतंच ना? मग मोठं विमान कधी?" माझ्या बरोबरीचे बरेच जण तसं करतात आणि त्यात काही वावगं नाही. मीही कधीतरी मोठ्या विमानावर जाईन. पण मला घाई नाही. दुसऱ्याला समजेल असं सांगता आलं, तेव्हा मला स्वतःला उडणं पहिल्यांदा नीट समजलं. हे इतक्यात सोडावंसं वाटत नाही.

सोमवारी पहिला विद्यार्थी येतोय. वयाने माझ्याहून बराच मोठा आहे. आधी कधी छोट्या विमानात बसलेला नाही. पहिला धडा योक हातात द्यायचा आणि नाक म्हणजे काय ते दाखवायचं, एवढाच. कागदावर सहा वाक्यं लिहून ठेवली आहेत. सगळी छोटी आहेत.

तुम्ही इकडे याल तेव्हा दोघांना वर नेणार आहे. आई मागे, बाबा पुढे, माझ्या शेजारी. बाबा, मशीनवर हेडसेट बसतो का, ते एकदा घरीच कानावर हात ठेवून बघा, शिट्टी वाजते का ते. वाजली तर मला कळवा, तोवर मी दुसरा हेडसेट शोधते.

तुमची,
लेक