कुंभारीच्या घराबद्दल

चि. चिन्नीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते गं. पण पैशाचं आणि घराचं मला फोनवर बोलता येत नाही, तोंडातून भलतंच निघतं. म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय. माझ्या आईशी, अव्वाशी, जन्मभर तेलुगूत बोलले, पण लिहायला कुणी शिकवलं नाही, आणि तू तर आता बोलतानाही अडखळतेस.

कुंभारीचं अव्वाचं घर विकायचं आणि ते पैसे पुण्याच्या वाघोलीच्या फ्लॅटला लावायचे, हे तुझं म्हणणं हिशेबाला धरून आहे. 52 लाखांचा फ्लॅट, बँक देणार 80 टक्के, म्हणजे 10 लाख 40 हजार तुमच्या पदरचे. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील. पतसंस्थेच्या काउंटरवर 22 वर्षं बसलेय मी, मला कळतं ते. खटकलं ते मागून आलेलं जावईबापूंचं वाक्य. "तसंही ते फुकटातलंच घर आहे ना." मी ऐकलं हे त्यांना सांगू नकोस, बिचारे ओशाळतील. तू मात्र ऐक.

माझं लग्न होईपर्यंत आम्ही सोलापुरात पाच घरं बदलली. सगळी पूर्व भागातच, सगळी एका खोलीची. ताता, माझे वडील, मागावर, अव्वा विड्या वळायची. विडीचं काम घरात म्हणजे काय, ते तू पाहिलं नाहीस फारसं. रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि मान खाली ती दुपारपर्यंत. खोलीभर त्याचा वास. घरमालकाला तो वास नको, पानं भिजवायला लागणारं पाणी नको, आणि आम्ही पोरं तर नकोच. भाडं एक दिवस चुकलं की नळाला कुलूप. माझ्या शाळेच्या दाखल्यांवर तीन वेगवेगळे पत्ते आहेत, ट्रंकेत आहेत, बघ कधीतरी. हजार विड्या झाल्या की अव्वा कारखान्यात नेऊन द्यायची, तिथे छाट निघायचा. छाट म्हणजे नापास झालेल्या विड्या, त्यांचे पैसे नाहीत. राहिलेल्यांचे मिळायचे ते हजारामागे पन्नासच्याही आत.

अशा बाईला घर घ्यायचं म्हणजे 20 हजार रुपये भरायचे होते. 60 हजारांचं घर. 20 केंद्राचे, 20 राज्याचे, 20 कामगाराचे. आता तू हिशेब कर. हजाराला पन्नास धरले तरी 20 हजार म्हणजे चार लाख विड्या. त्यात छाट धरलेला नाही. फुकटातलं घर!

संस्थेचं नाव तुला पाठ होतं लहानपणी, एका दमात म्हणून दाखवायचीस आणि सगळ्यांना हसवायचीस: गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. गोदूताई म्हणजे ठाण्याकडच्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या. आपल्या संस्थेआधी मीनाक्षीताई साने यांच्या नावाची एक लहान वसाहत झाली होती, ती बघूनच आमच्याकडच्या बायकांना वाटलं की हे होऊ शकतं. सगळ्यामागे नरसय्या आडम, आडम मास्तर. लाल बावट्याचे. त्यांचं राजकारण तुझ्या बाबांना पटत नाही, मलाही सगळं पटत नाही, पण तो वेगळा विषय.

मी तेव्हा बारावी झालेली, तू पोटात होतीस. गल्लीत लिहिता-वाचता येणारी बाई म्हणून फॉर्म भरायला सगळ्या माझ्याकडे यायच्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अडचण पैशाची नंतर, आधी कागदाची आहे. विडी कामगार म्हणून ओळखपत्र पाहिजे. त्यावर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. आपली तेलुगू आडनावं प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाने लिहिलेली. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "मोठ्या दुष्काळात माझं लग्न झालं, तेव्हा मी ओटीवर उडी मारून चढायची." मग मी 72 मधून वजाबाकी करायची. कुणाचं कार्ड कारखानदाराने कधी केलेलंच नाही, वीस वर्षं विड्या वळूनही ती बाई कागदावर कामगार नाही. युनियनची माणसं आधी ते कार्ड मिळवायला भांडायची, मग घराचं. तुमच्या बँकेने तुला सहा महिन्यांची पगारपत्रकं मागितली आणि तू एका क्लिकवर पाठवलीस ना, तेव्हा मला त्या बायका आठवल्या.

अव्वाचा अंगठा उमटेना. वर्षानुवर्षं पान दुमडून तिच्या बोटांच्या रेघा गेल्या होत्या. शाई लावून टेकवला की नुसता काळा डाग. तीन कागद वाया गेले, तेव्हा ती चिडली आणि म्हणाली, सही शिकव. पाटीवर सहा दिवस गिरवलं तिने. मराठीत, कारण मला तेवढंच येत होतं. शेअरच्या दाखल्याच्या अर्जावर तिची जी सही आहे ती आयुष्यातली पहिली, त्यातला शेवटचा काना ओळीच्या बाहेर गेलाय. फोटोही पहिलाच. स्टुडिओवाल्याने चार प्रती दिल्या, तीन फॉर्मला लागल्या, चौथी तिने देवाच्या फळीवर ठेवली. ताता म्हणाले, जिवंत माणसाचा फोटो देवाजवळ ठेवत नाहीत. तिने ऐकलं नाही.

20 हजार कसे जमले ते सांगत बसत नाही. थोडे फंडातले, थोडे कर्ज, आणि माझ्या दोन बांगड्या, ज्या तुझ्या बारशाच्या फोटोत माझ्या हातात नाहीत. एका बँकेच्या साहेबाने तिला खुर्चीवर बस म्हटलं नाही, एवढं मात्र ती मरेपर्यंत सांगायची.

संस्थेने नक्की काय केलं, हे मला पतसंस्थेत काम करायला लागल्यावर उमगलं. एकट्या विडीवालीला कुणी जमीन विकत नाही, विकली तरी तिला परवडेल अशी नाही. 10 हजार बायका एकत्र उभ्या राहिल्या की शहराबाहेर शेतजमीन घेता येते, घरं एका मापाने बांधता येतात, आणि सरकारला तोंड चुकवता येत नाही, कारण ती 10 हजार मतंही असतात. नफा कुणाला काढायचा नव्हता, म्हणून 60 हजारांत बसलं.

शेतजमीन म्हणजे लांब, हेही खरं. अक्कलकोट रस्त्याला कुंभारी, तेव्हा तिकडे काळी माती आणि बाभळी. कारखाना लांब, दवाखाना लांब, ताता तर पहिलं वर्षभर मागावर जायला पहाटे सायकल काढायचे. आमच्या ओळीतल्या दोघी सहा महिन्यांत परत शहरात भाड्याने गेल्या. मीच अव्वाला म्हणाले होते की कुठे आणून टाकलंस आम्हाला. ती काही बोलली नाही, पानं भिजवायला अंगणात बसली. अंगणात, चिन्नी. पाणी कितीही सांडलं तरी विचारणारं कुणी नव्हतं.

1 सप्टेंबर 2006 ला पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते घरं द्यायला. तू आठ वर्षांची. तुला त्यातली फक्त हरवलेली चप्पल आठवते, कारण ती नवी होती. पुढे त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं, 30 हजार घरांचं. विडीवाल्या, मागवाले, कचरा वेचणारे, रिक्षावाले, सगळे त्यात. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी ज्याचे त्याने. 2019 मध्ये पायाभरणीला नरेंद्र मोदी आले, 19 जानेवारी 2024 ला पहिली 15 हजार घरं द्यायलाही तेच. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा भरून आला, ते टीव्हीवर तूही पाहिलं असशील. व्यासपीठावर आडम मास्तर. तुझे बाबा म्हणाले, या माणसाने दोन पक्षांचे दोन पंतप्रधान सोलापूरला आणले, स्वतः मात्र तिसऱ्याच पक्षात. ते हसत होते, पण त्यांनी तो कार्यक्रम उठून बंद केला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घर विकायचं नाही, आणि विकायचं म्हटलं तरी मला एकटीला विकता येणार नाही. नॉमिनी मी आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. अव्वामागे वारस मी आणि तुझा मामा. मामा 2020 मध्ये गेला, त्याचा हिस्सा मामीचा आणि पोरांचा. मामी त्याच घरात राहते, पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलंय तिने. माझा हिस्सा सोडायचा कागद करायचा असं माझ्या मनात आहे. तुला सांगून करेन, पण विचारून करणार नाही.

तुम्हाला काय देता येईल ते पाहिलं. दिवाळीत माझी ठेव सुटते, तीन लाख आणि वरचं व्याज. ते घ्या. परत करायची भाषा नको. बाकी मला वाटतं की 52 लाखांचं घर तुम्हाला आत्ता झेपत नाही. दोन खोल्या कमी घ्या. हप्ता पगाराच्या निम्म्यावर जात असेल तर तो फ्लॅट सुंदर असला तरी नको, हे आई म्हणून नाही, काउंटरवर बसून म्हणतेय.

आणखी दोन-तीन गोष्टी. खरेदी फक्त तुझ्या एकटीच्या नावावर केली तर बाईमाणूस म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. जावईबापूंना विचार, त्यांना चालेल. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त मागत असेल तर देऊ नकोस, कायद्याने त्याला घेता येत नाही. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिच्या नोंदणीत ताबा कधीचा लिहिलाय ते स्वतः बघ, ब्रोशरवर जाऊ नकोस. आणि त्या इमारतीत आणखी कोणी-कोणी बुकिंग करतंय त्यांचे नंबर काढ. पाच-सहा जणी मिळून बिल्डरच्या ऑफिसात गेलात तर तो चहा तरी मागवेल. एकटी गेलीस की तुला माहितीपत्रक देऊन पाठवतो.

मामीला यातलं काही बोलू नकोस. तिने तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय, माझ्याकडून पाठवायला सांगते रोज. बसने पाठवू की तू पंधरवड्यात येणार आहेस, ते कळव. आणि बँकेचा खातेक्रमांक आत्ताच पाठवून ठेव, दिवाळीत माझी धांदल असते.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात आणि जिना चढून गच्चीवर जातात.

तुझी,
अम्मा