मंत्रिमहोदय, आमचा चेहरा उघडा आणि तुमची फाइल बंद का?

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) मोडल्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या कार्यालयातून एका ओळीचं उत्तर हातात पडलं. आमच्या गावातल्या पाणंद रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि खडी-मुरुमाचं बिल कुणाच्या नावे निघालं, एवढंच मी मागितलं होतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत एकच विषय, सगळं नियमात. उत्तर आलं : 'मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.'

सरकारी पैशातून केलेल्या रस्त्याचं बिल वैयक्तिक कधीपासून झालं?

झालं ते नोव्हेंबर 2025 पासून. त्या महिन्यात आपल्या खात्यानं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 चे नियम काढले आणि त्याबरोबर माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदलणारं कलम 44(3) लागू केलं. माहिती अधिकारात पूर्वी असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण कुणाच्या खासगीपणावर घाला घालणारी माहितीच नाकारता येई, आणि जनहित मोठं असेल तर तीही द्यावी लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही, असं त्या कलमाखाली लिहिलेलं होतं. माझ्यासारख्या बाईला आमदार-खासदाराच्या बरोबरीनं उभं करणारं ते एक वाक्य तुम्ही खोडलं. आता उरलं ते फक्त 'वैयक्तिक माहिती'.

सरकार म्हणतं, कलम 8(2) शाबूत आहे, जनहित असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. 'देऊ शकतो' यावर आम्ही किती दिवस काढायचे? अधिकाऱ्यानं दिलं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं. 2024 च्या मध्यास महाराष्ट्राच्या माहिती आयोगाकडं लाखाहून अधिक अपिलं आणि तक्रारी तुंबलेल्या होत्या. माझं अपील त्या ढिगात गेलं की रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून जाईल.

माझी आई 1972 च्या दुष्काळात सोळा वर्षांची होती. खडी फोडायची आणि सुकडी खाऊन दिवस काढायची. मीही रोजगार हमीवर माती उचलली आहे. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइल ॲपवर फोटो काढणं सक्तीचं झालं. रेंज नसली की आम्ही उन्हात उभ्या, हजेरी लागत नाही, मजुरी बुडते. आईच्या बोटांच्या रेषा दगडांनी झिजल्या आहेत, रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. गेल्या महिन्यात तीनदा तिला दुकानापर्यंत चालवत नेलं आणि तीनदा रिकाम्या पिशवीनं परत आणलं. तिचा चेहरा, अंगठा, बँक खातं, सगळं तुमच्याकडं आहे. ते घेताना वैयक्तिक माहितीची आठवण कुणालाही झाली नाही.

आणि त्या फोटोंनी चोरी तरी थांबली का? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानंच परिपत्रक काढून कबूल केलं की ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो. चोर ॲपनं सापडत नसतो, महोदय. कागद गावासमोर मोठ्यानं वाचला की सापडतो. राजस्थानातल्या मजुरांनी 1994 पासून जनसुनवाईत मस्टर वाचूनच हे दाखवलं, त्यातून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली. आपल्याकडं अण्णा हजारेंनी त्यासाठी उपोषणं केली आणि 2002 चा कायदा मिळवला, तो केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीचा. मुंबईच्या आदर्श सोसायटीत फ्लॅट कुणाकुणाला मिळाले ती नावं बाहेर आली म्हणून 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. आज ती यादी मागितली तर तीही वैयक्तिकच ठरेल.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो नागरिकाला सरकारपासून वाचवण्यासाठी. तुम्ही ती ढाल आमच्याकडून काढून कार्यालयाच्या दाराला लावली. डेटा संरक्षण कायद्याच्याच कलम 17 नं सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला अधिसूचना काढून मोकळं सोडू शकतं. पत्रकाराला मात्र सूट नाही, आणि दंडाची मर्यादा 250 कोटी. पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात न्यायालयाच्या समितीनं 29 फोन तपासले, त्यातल्या 5 मध्ये कसलं तरी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं. ते पेगॅससच होतं हे ठरलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनंच सांगितलं. आमच्या बचत गटातल्या बायका आता व्हॉट्सॲपवर लिहायला कचरतात. समोरासमोर भेटल्यावर बोलतात, तेही दार लावून. गावाची सभा अशानं मरते.

माझं मागणं असं आहे. कलम 8(1)(ञ) जसं होतं तसं परत आणा, खोडलेल्या त्या वाक्यासकट. पत्रकारिता आणि सामाजिक अंकेक्षण (कामाचे कागद गावानंच तपासणं) यांना कायद्यातून स्पष्ट सूट द्या. आणि गावात झालेल्या प्रत्येक कामाचं बिल, ज्याच्या नावे निघालं त्याच्या नावासह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला सांगा.

पहिलं अपील मी काल टाकलं. पोच जपून ठेवली आहे. सुनावणीला आई माझ्याबरोबर येणार आहे.

आपली,
रोजगार हमीवरच्या मजुराची मुलगी, मराठवाडा