पाण्याचा काटा आणि तेलाचा आकडा

नाशिक, इंदिरानगर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "आई, काटा नव्वदवर आला होता, मग दाबली तर काय बिघडलं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण बाबा शेजारी बसले होते आणि गाडीचं नाव निघालं की ते थेट हप्त्यांवर येतात. गाडी तुझी, हप्ते तुझे. मला फक्त तिच्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे, म्हणून हे पत्र.

तो नव्वदचा काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. सुरुवातीला थर्मोस्टॅट बंद असतो, कूलंट रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि पाचेक मिनिटांत तापतं. इंजिनाचं तेल खाली चेंबरमध्ये, त्यात खालून वारा लागतो. त्याला तापायला दुप्पट वेळ तरी हवाच, थंडीत आणखी. शिवाय हा काटा जरा लबाड असतो. कूलंट 80 असो की 100, तो आपला मधोमध नव्वदवर स्थिर. चालक उगाच घाबरू नये म्हणून तो तसाच बसवलेला असतो. त्याच्यावर विसंबून तुझ्या ऑक्टाव्हिया आरएससारखी गाडी पळवायची नाही.

तुझ्या गाडीत तेलाचं तापमान आकड्यात दिसतं. स्टीअरिंगवरच्या बटणाने तो पडदा समोर आणून ठेव आणि तिथेच राहू दे. 50 अंशांच्या खाली आकडा येत नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्या दिवशी समृद्धीवर लागायला आपण इगतपुरीकडे निघालो, तेव्हा पांडवलेणीपाशी त्या रेघा जाऊन नुकताच 52 आला होता. आणि तू पाय दाबलास. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा साडेसहा हजारांकडे गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते असं तुला वाटलं असेल.

माझी सगळी नोकरी अंबडला मशीनवरच्या भागांची मापं घेण्यात गेली, हे तुला माहीत आहे. आमची मापाची खोली बारा महिने 20 अंशांवर असायची, कारण ड्रॉइंगवरचं माप 20 अंशांचं धरायचं हा जगभरचा नियम आहे. मशीनवरून आलेला गरम भाग टेबलावर निवल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही. नवी पोरं घाई करायची आणि चांगला माल रिजेक्ट करून मोकळी व्हायची. तुझ्या इंजिनाचा सिलिंडर 82.5 मिलिमीटरचा आहे. तेवढ्या व्यासाचा अ‍ॅल्युमिनिअमचा पिस्टन 80 अंशांनी तापला की साधारण 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो. ब्लॉक बिडाचा, तो तेवढ्याच तापमानाला सत्तरेक मायक्रॉनच फुगतो. म्हणजे इंजिन बनवणाऱ्याने फटी ठरवल्या त्या गरम इंजिनासाठी. गार इंजिन हे अजून पूर्ण न जुळलेलं यंत्र असतं.

आता तू म्हणशील, कूलंट नव्वदला आलं म्हणजे सिलिंडर तापलाच की. बरोबर. पण काटा फक्त वरच्या मजल्याची बातमी देतो. तळमजल्यावर क्रँकशाफ्ट आहे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं आहेत, आणि तिथलं सगळं तेलाच्या भरवशावर चालतं. त्या बेअरिंगमधली फट 40-50 मायक्रॉनची, डोक्याच्या केसापेक्षाही कमी. तिथे धातूला धातू लागू नये म्हणून तेलाचा थर हवा, आणि तयार होणारी उष्णता वाहून न्यायला तेल सतत वाहतं हवं. 5डब्ल्यू-40 तेल 40 अंशांना जेवढं घट्ट असतं, 100 अंशांना त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकंच उरतं. जानेवारीच्या पहाटे, निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, ते किती घट्ट असेल याचा विचार कर. नावातला 5 हा थंडीचा आकडा, म्हणून तेल थंडीत पातळ, असं समजू नकोस. बाकीच्या तेलांच्या मानाने कमी घट्ट, एवढाच त्याचा अर्थ.

घट्ट तेलाने पंपापाशी दाब भरपूर येतो, त्यामुळे ऑइलचा लाल दिवा लागत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक. पण दाब वाढला की पंपच तेल आवरतं घेतो. फिल्टरच्या कागदातून तेल वेळेवर जाईना तर बायपासचा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. आणि बेअरिंगमधून वाहायला हवं तेवढं वाहत नाही. त्यात टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलावर तरंगत.

म्हणून पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं का? अजिबात नको. तळमजल्यावरचे काका रोज तेच करतात आणि आमच्या स्वयंपाकघरात धूर येतो, ते सोड. नुसत्या आयडलिंगला इंजिनावर भार नसतो, तेल रेंगाळत तापतं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. अर्धं मिनिट पुरे. पट्टा लाव, आरसे बघ, निघ.

निघाल्यावर तेल 80 अंश होईपर्यंत आरपीएमचा काटा अडीच-तीन हजारांच्या आत. पण इथे एक मेख आहे. या इंजिनाचा 350 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 1,500 आरपीएमलाच मिळतो. आणि डीएसजी, म्हणजे तुझा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डी मोडमध्ये गिअर लवकर वर टाकतो. म्हणजे काटा खाली दिसतोय म्हणून तू पेडल पूर्ण दाबलंस, तर बेअरिंगवर जोर तेवढाच. फेरे कमी आणि पायही हलका, दोन्ही हवं. वेगाचा इथे फारसा संबंध नाही; सहाव्या गिअरमध्ये शंभरने हलक्या पायाने जाणारी गाडी आरामात असते. (समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, त्यावर आपण वेगळं भांडू.) गिअरबॉक्सचं तेल आणि टायरही तोवर गारच असतात, हेही धरून चाल.

80 ते 110 अंश ही या गाडीच्या तेलाची नेहमीची रेंज. मे महिन्यात कसारा घाट जोरात चढलीस आणि 110 च्या वर गेलं, तर पाय सोडायचा. जोरात पळवल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यायचं, म्हणजे टर्बोला निवायला वेळ मिळतो.

पुण्यात तुला हे जाणवत नाही, कारण बाणेरहून निघून मोकळा रस्ता लागेपर्यंत सिग्नलच तेल तापवून देतात. आपल्या घरून मात्र हायवे दोन वळणांवर. त्या दिवशी मी आकडा बघत होते: विल्होळीला 67, वाडीवऱ्हेच्या अलीकडे 84. विल्होळीचं जैन मंदिर मागे पडेपर्यंत तरी तेल गारच असणार, आकड्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही.

हे सगळं म्हाताऱ्या आईची भीती वाटत असेल तर ऐक. 2000 साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम-3 मध्ये आरपीएमच्या काट्याभोवती पिवळे दिवे होते. इंजिन गार असताना वरच्या आकड्यांपाशी ते पेटलेले असायचे आणि तेल तापेल तसे एकेक विझत वर सरकायचे. तुझ्या गाडीत ते नाहीत, तर तू आकडा वाच.

आणि एक. सुट्टीत आलीस की रोज सकाळी मिसळ खायला तीन किलोमीटर जाऊन परत, असं करतेस. त्यात तेल कधीच नीट तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्यात साठत जाते. मिसळीला माझी स्कूटर ने. कंपनी 15,000 किलोमीटरला तेल बदला म्हणते. तुझ्या वापराला मी सात-आठ हजारांवर बदलेन.

संक्रांतीला येण्याआधी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघ. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर. लेव्हलचा फोटो मला पाठव. टॉप-अप लागलं तर डब्यावर व्हीडब्ल्यू 502 00 हा तेलाच्या दर्जाचा नंबर लिहिलाय का ते स्वतः वाच, दुकानदार "सेमच आहे मॅडम" म्हणाला तरी. आणि बिल जपून ठेव, बाबा विचारतील.

तुझी,
आई