कव्हर घातलेली सीएनसी : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ३२

विषय : मराठवाड्यात येणाऱ्या ईव्ही (विजेच्या गाड्यांच्या) कारखान्यांच्या निमित्ताने आयटीआयमधल्या निदेशकांबाबत (ट्रेड शिकवणाऱ्या सरांबाबत)

महोदय,

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. जिग, फिक्स्चर (काम पक्के धरायच्या पकडी), प्रेसच्या लहान डाय (साचे) एवढेच काम. नऊ माणसे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी, म्हणजे सीएनसी, मिलिंग यंत्रे), एक वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणारे यंत्र) आणि एक जुने सरफेस ग्राइंडर, ज्याला मी दुसऱ्या कुणाला सहसा हात लावू देत नाही. मी स्वतः आयटीआयचा, फिटर ट्रेडचा. मंत्र्यांना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगा कामाला आला. गंगापूर तालुक्यातला, मशिनिस्ट ट्रेड, गुणपत्रकावर ऐंशीच्या वर टक्के. मी त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि एक पिन मोजायला सांगितली. त्याने थिंबल (फिरवायची नळी) धरून असे आवळले, की जणू तो बेंचवरचा व्हाइसच आहे. टोकाचे रॅचेट (ठरावीक दाब आला की घसरणारी खुंटी) असते कशाला, विचारले. तर उत्तर तोंडपाठ. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि चारपैकी बरोबर पर्याय त्याने निवडलाही होता. डोक्याला माहीत होते, हाताला माहीत नव्हते.

पोरगा हुशार आहे. चार महिन्यांत हात बसला, आज तो माझ्याकडे व्हीएमसीवर एकटा सेटिंग करतो. पण त्या पहिल्या दिवशी मी त्याला विचारले होते, "तुमच्याकडे सीएनसी नव्हती का रे?" तो म्हणाला, "होती ना काका. कव्हर घातलेली."

मग हळूहळू बाकीचे कळले. सर तासिका तत्त्वावरचे, मूळ टर्नर ट्रेडचे, आणि दोन युनिट (मुलांच्या तुकड्या) एकटे सांभाळायचे. मशीन आली तेव्हा पुरवठादाराचा माणूस दोन दिवस दाखवून गेला. ज्यांना दाखवले त्यांची पुढे बदली झाली. इन्सर्ट (धातू कापणारी, बदलायची पाती) संपले ते पुन्हा आले नाहीत, कारण कच्च्या मालाच्या पैशात ते बसेनात. त्यानंतर मशीनला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. लाखोंची वस्तू, स्पिंडल (यंत्राचा फिरणारा मुख्य दांडा) ठोकला तर भरपाई कुणाच्या पगारातून कापणार? म्हणून कव्हर. तपासणीच्या दिवशी तेवढे काढायचे, फडके मारायचे, उद्बत्ती लावायची. त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिथले लोक वाईट नाहीत आणि अशी कव्हरे मी आणखीही ठिकाणी पाहिली आहेत.

आता आमच्याकडे काय येऊ घातले आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर जमीन. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करचा राज्य सरकारशी २०,००० कोटींचा करार झाला, एथर एनर्जीने आपला पुढचा कारखाना बिडकीनला जाहीर केला, जेएसडब्ल्यूनेही विजेच्या गाड्यांसाठी इथेच जागा धरली. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला तेव्हा जे झाले, तसे पुन्हा होईल अशी इथल्या लोकांची आशा आहे. बजाजच्या मागे पुरवठादार आले, पुरवठादारांच्या मागे आमच्यासारखे पत्र्याच्या शेडमधले आले. लेथवर बसलेला माणूस चार वर्षांत स्वतःची लेथ घेत होता, कारण काम त्याच जातीचे होते : कापणे, घासणे, ठोकणे, जोडणे. ते बघून शिकता येत होते.

बॅटरी पॅक बघून शिकता येत नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मंत्रालयातल्या सादरीकरणात ते येत नसावे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन शिकतो तो मुख्यतः एसी. घरातले वायरिंग, मोटरचे वाइंडिंग, स्टार्टर. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी बहुतेक वेळा आपोआप विझते. कारच्या बॅटरीतला तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी शून्यावर येतच नाही. चुकीच्या जागी कनेक्शन उघडले तर आर्क (ठिणगीचा लोळ) पेटतो आणि पेटलेलाच राहतो. सर्व्हिस प्लग (बॅटरीची जोडणी तोडणारी खिट्टी) काढला तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. काही मिनिटे हात मागे ठेवून थांबायचे, मग मीटर लावून खात्री करायची, मग हात घालायचा. हे थांबणे फळ्यावर शिकवून येत नाही. ज्याने स्वतः ते शेकडो वेळा केले आहे, त्याच्या शेजारी उभे राहूनच ते अंगात येते. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा दोन वर्षांचा ट्रेड आता आहे. पण तो शिकवणाऱ्या सरांनी उघडलेला बॅटरी पॅक आयुष्यात कितीदा हाताळला, हे कुणी विचारते का?

रोबोटचेही तेच, पीएलसीचेही (यंत्रे चालवणाऱ्या कंट्रोलरचेही) तेच. पाटी लावून ट्रेड सुरू करता येतो, माणूस घडायला मात्र वर्षे लागतात.

आणि आता पुन्हा मोठा पैसा येतो आहे. केंद्राची पीएम-सेतू योजना ६०,००० कोटींची आहे. देशातल्या एक हजार शासकीय आयटीआय, त्यात २०० मुख्य आणि ८०० त्यांना जोडलेल्या. आपल्या राज्याचा वाटा त्यात येईलच. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या पिढीला २००७ आठवते. तेव्हाही केंद्राने देशभरातल्या १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायला घेतल्या होत्या. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपये बिनव्याजी कर्ज. समित्या झाल्या, उद्योजक अध्यक्ष झाले, यंत्रे आली. काही संस्था खरोखर उभ्या राहिल्या. बाकी ठिकाणची यंत्रे कुठल्या अवस्थेत आहेत ते तुम्ही अधिकाऱ्यांना बरोबर न घेता एकदा बघून या, एवढेच सुचवतो.

यंत्र विकत आणणे सोपे असते. टेंडर निघते, पुरवठा होतो, फीत कापली जाते, फोटो येतो. निदेशकाची फीत कापता येत नाही. म्हणून सरकार कुणाचेही असो, पैसा यंत्राकडे वाहतो. २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या १,४५७ पदांची जाहिरात निघाली तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. भरतीची परीक्षा मात्र संगणकावर, पर्याय निवडायची. म्हणजे रॅचेटचे कार्य सांगणारा मुलगा आणि त्याला ते शिकवणारा सर, दोघेही एकाच चाळणीतून आलेले.

याच शहरात याच्या उलट उदाहरण आहे आणि ते सरकारीच आहे. चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. दहावीनंतर चार वर्षांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा. तिथली पोरे आम्हा लहान टूलरूमवाल्यांच्या हाती फारशी लागत नाहीत, आधीच मोठ्या कंपन्या उचलतात. माझा थोडा राग आहे तो त्यावर, ते सोडा. तिथे वेगळे काय आहे? यंत्रे आहेतच. पण ती टूलरूम बाहेरच्या उद्योगांची कामेही घेते. डाय ठरल्या तारखेला द्यायची असते, ग्राहक ती मोजून घेतो, चुकली तर परत पाठवतो. शिकवणाऱ्याचा हात चालू राहतो आणि मुलाने केलेला जॉब परीक्षेनंतर भंगारात जात नाही. आपल्या आयटीआयमध्ये मुलगा कानशीने लोखंड घासून चौकोन बनवतो, तो मार्क घेऊन कोपऱ्यात पडतो. मी बनवलेला अजून कुठेतरी पडला असेल.

माझी पहिली मागणी म्हणूनच यंत्रांची नाही. औद्योगिक भागातल्या आयटीआयना, निदान वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि बिडकीनच्या आसपास असलेल्यांना, बाहेरचे जॉबवर्क घेऊ द्या आणि त्याचे पैसे संस्थेतच राहू द्या, इन्सर्ट आणि कूलंट त्यातूनच येईल. मी स्वतः महिन्याला शंभरेक साध्या स्पेसर आणि पिना बाहेरून करून घेतो. त्या मला आयटीआयमधून का मिळू नयेत? पहिले चार लॉट परत जातील. जाऊ द्या.

दुसरे, निदेशकाला दर पाच वर्षांनी सहा महिने पूर्ण पगारावर कारखान्यात पाठवा. भेट द्यायला नको. शिफ्टला, सेफ्टी शूज घालून. तो गेल्यावर वर्ग कोण घेणार, हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर इथेच बसले आहे. वाळूजच्या मोठ्या कंपन्यांमधून अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी निवृत्त झालेले टूलमेकर, मेंटेनन्सचे लोक, बजाजनगर आणि सिडकोत सकाळी फिरायला जातात आणि दुपारी नातवंडांना शाळेतून आणतात. त्यांच्याकडे बी.ई.ची पदवी नसते, निदेशकाचे प्रमाणपत्र नसते, म्हणून ते तुमच्या नियमात बसत नाहीत. त्यांना बसवा. तासिकेचा दर असा ठेवा की माणसाला स्कूटरच्या पेट्रोलसाठी शिकवायला आलोय असे वाटू नये.

तिसरी गोष्ट तुमच्या आणि उद्योग विभागाच्या मधली आहे. टोयोटाने कर्नाटकात बिडदीला २००७ मध्ये स्वतःची तंत्रशिक्षण संस्था काढली. तिथे ग्रामीण भागातल्या, गरीब घरच्या दहावी झालेल्या मुलांना तीन वर्षे तिथेच राहून शिकता येते. बिडकीनला कंपनी येते आहे तर तशीच संस्था बिडकीनला का नको? जमिनीच्या सवलती, करांच्या सवलती आपण देतोच आहोत. करारात आणखी एक कलम घालायला काय हरकत आहे? अट अशी ठेवा, की तिथे दरवर्षी आसपासच्या आयटीआयचे दहा निदेशकही शिकतील. नुसती मुलांची बॅच काढली तर कंपनीचे भागेल. निदेशक शिकले तर पैठण, गंगापूर आणि वैजापूरलाही ते पोहोचेल.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या, ही घोषणा आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या टक्केवारीत गेटवरचा, कँटीनमधला आणि लोडिंगचा माणूसही मोजला जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रोबोटच्या पेंडंटवर (तो चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) कोण उभे आहे ते मोजा.

मुलींबद्दल थोडेसे. इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि बॅटरीच्या कामात मुली लागतात, कंपन्या तसे उघड सांगतात. तमिळनाडूने श्रीपेरुंबुदूरजवळ १८,७२० महिला कामगारांची वसतिगृहे बांधली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली, तीही सरकारी औद्योगिक महामंडळामार्फत. आपल्याकडे बिडकीनची दुसरी शिफ्ट सुटल्यावर फुलंब्रीच्या मुलीने घरी कसे जायचे? आयटीआयच्या मुलांचे विद्यावेतन १९८३ पासून महिना ४० रुपये होते, ते २०२३ मध्ये ५०० झाले. झाले ते चांगलेच. पण मुलगी वर्कशॉपपर्यंत रोज सुखरूप पोहोचणार कशी, ते आधी बघा. एसटीचे वेळापत्रक हासुद्धा कौशल्य विकासाचा भाग आहे, हे मी गंभीरपणे लिहितो आहे.

आता आम्हा उद्योजकांचेही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, सगळे सरकारवरच ढकलले. आम्ही शिकाऊ उमेदवार घेतो आणि त्याला ऑपरेटरच्या जागी उभा करतो. कारखान्यात प्रशिक्षणार्थी घेण्याची नीम योजना होती तेव्हा किती कारखान्यांच्या लाइनी प्रशिक्षणार्थींवर चालत होत्या, ते या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. ठेकेदाराकडचा मुलगा सात महिने झाले की ब्रेक. हात तयार झाला की बाहेर, मग नवीन मुलगा, पुन्हा पहिल्यापासून. मीही एक-दोन वेळा केले आहे, मंदीच्या वर्षी. अशाने उच्च तंत्रज्ञानाचे मनुष्यबळ होत नसते, नुसती फिरती गर्दी होते. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला सरकार महिन्याला ८,००० रुपये देते. ते पैसे देताना सहा महिन्यांनी त्याला काय येते हे कुणीतरी बाहेरच्याने मोजावे. कायद्याने चारपासून एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक आहे. केंद्र विद्यावेतनाचा पाव भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सोसते. पण पोर्टलवर ते सगळे भरायला माझ्याकडे बसलेला माणूस नाही. चार-पाच लहान कारखान्यांना मिळून एक उमेदवार आणि एकच नोंदणी, असे करता आले तर आमच्यासारखे शंभर जण तयार होतील. आणि लहान टूलरूममध्ये मुलगा जेवढे शिकतो तेवढे मोठ्या लाइनवर शिकत नाही. तिथे तो वर्षभर एकच बोल्ट आवळतो.

२०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, दहा हजार तरुण तिकडे पाठवायचे म्हणून. जाऊ द्यात, त्यांचे भले होवो. मात्र तिकडे गेलेल्यांपैकी जे परत येतील त्यांची यादी तुमच्याकडे असू द्या. त्यांच्यातले पाच-पन्नास जरी आयटीआयत शिकवायला आले, तरी एखाद्या टेंडरपेक्षा जास्त मिळेल.

शेवटी माझ्याकडून जे होईल ते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी माझी वायरकट आणि एक व्हीएमसी मी चालू ठेवायला तयार आहे. एका वेळी चार निदेशक येऊ देत, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मटेरियल माझे, चहा माझा. फी नको, फोटोही नको. सरफेस ग्राइंडरलाही हात लावू देईन. येताना फक्त सेफ्टी शूज घालून यावे आणि ज्या संस्थेत सीएनसीवर कव्हर आहे, तिथल्या सरांना पहिल्या तुकडीत पाठवावे.

आपला,
वाळूजचा एक टूलरूमवाला