'संरक्षित' म्हणजे नेमके काय संरक्षित?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'शांत, संरक्षित तलावाकाठचे घर' अशा शब्दांतल्या जाहिराती आपल्या पुरवणीत वरचेवर दिसतात. असे घर घ्यावे असे मलाही बरेच दिवस वाटत असल्याने मी त्या बारकाईने वाचतो. या मजकुरांत खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचे वर्णन भरपूर असते; पण संरक्षण आहे ते पाण्याला, काठाच्या पट्ट्याला, की ज्या उतारांवरून पाणी तलावात उतरते त्या सगळ्या पाणलोट क्षेत्राला, हे त्यांत सापडत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तलावाचे बरेवाईट बहुतेक वेळा त्याच्या हद्दीबाहेर ठरते.

याचा सुंदर पुरावा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मिळाला. तेथील शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या एका लहान तलावात मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र (नायट्रोजन) सोडले, तर दुसऱ्यात या दोहोंच्या जोडीला स्फुरदही (फॉस्फरस) सोडले. स्फुरद मिळालेला भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचे पाणी मात्र तसे झाले नाही. हे स्फुरद रासायनिक खतांतून, सांडपाण्यातून आणि धुपून आलेल्या मातीतून तलावात येते. म्हणजे काठावर कितीही पाट्या लावल्या, तरी वरच्या अंगाला नवी वसाहत उभी राहिली किंवा उतारावरची झाडी गेली, तर पाण्याचा रंग बदलायला वेळ लागत नाही.

या हिशेबात आपण स्वतःही येतो, हे खरेदीदार सहसा विसरतात. सेप्टिक टँकमध्ये घाण तळाशी बसते, पण पाण्यात विरघळलेले स्फुरद शोषखड्ड्यातून जमिनीत जाते. माती ते काही काळ धरून ठेवते, मात्र जमीन रेताड असेल किंवा भूजल अगदी वर असेल, तर ते तलावापर्यंत पोहोचू शकते. तेव्हा घर पाहायला गेल्यावर गच्चीवर जाण्याआधी सांडपाणी कुठे जाते ते पाहावे, आणि तेही पाण्याची पातळी सर्वांत वर असताना. (दलाल बहुधा नेमका दुसरा हंगाम सुचवतात.)

बिघडलेला तलाव सुधारतच नाही, असे नाही. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सोडले जाणारे सांडपाणी 1963 ते 1968 या काळात दुसरीकडे वळवण्यात आले आणि पुढच्या काही वर्षांत पाणी पुन्हा नितळ झाले. परंतु जिथे गाळात वर्षानुवर्षांचे स्फुरद साठलेले असते आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपतो, तिथे तोच गाळ ते पुन्हा पाण्यात सोडतो, आणि बाहेरचा पुरवठा थांबवूनही शेवाळ हटत नाही. म्हणून तलावाच्या पारदर्शकतेच्या मागील अनेक वर्षांच्या नोंदी मागाव्यात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये वापरात आणलेली साधी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजतात. इतकी स्वस्त नोंदही कोणी ठेवलेली नसेल, तर संरक्षण कागदावरच आहे असे मी तरी समजेन.

काही जाहिरातींत 'रामसर स्थळ' हे बिरुद मिरवलेले असते. इराणमधील रामसर येथे 1971 मध्ये झालेला हा करार पाणथळ जागांच्या सुज्ञ वापराचा आग्रह धरतो. काठावर काय बांधता येईल आणि काय नाही, हे मात्र त्या त्या देशाचे कायदे ठरवतात. आणि हे कायदे शेजाऱ्याइतकेच आपल्यालाही लागू असतात. बोरूची आणि लव्हाळ्याची दाटी दृश्याआड येते म्हणून ती कापता येईलच असे नाही, कारण तीच लाटांपासून काठ सांभाळते आणि तिच्यात मासे अंडी घालतात. धक्का बांधणे, भिंत घालणे, मोटरबोट उतरवणे यांवरही बंदी असू शकते. नियम येण्यापूर्वी काठालगत बांधलेले जुने घर उभे राहू दिले जाते, पण ते पाडून त्याच जागी नवे बांधायला परवानगी मिळेलच याची खात्री नसते, आणि नेमकी हीच घरे 'पाण्याच्या सर्वांत जवळ' म्हणून अधिक किमतीला विकली जातात. मला स्वतःला या बंधनांचे वाईट वाटत नाही. ज्या शांततेसाठी आपण पैसे मोजतो ती याच बंधनांतून आलेली असते. तक्रार आहे ती ही बंधने सौदा झाल्यावर कळण्याबद्दल.

आपल्याकडे विनंती एवढीच, की 'संरक्षित' हा शब्द जाहिरातीत छापताना संरक्षण कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या हद्दीपर्यंत आहे, या तीन गोष्टी जाहिरातदाराकडून लेखी घेऊन त्याच चौकटीत छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक