शोभेची फायरप्लेस करताय, पण लाकूड आगीपासून किती लांब ठेवलंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लोणावळ्याकडच्या एका बंगल्याचा फोटो आला होता, हॉलमध्ये फायरप्लेस, भोवती पॉलिश केलेली सागवानी चौकट, वर फळी आणि फळीवर पितळी घोडे. आमच्या ताईने तो मला इकडे न्यू जर्सीला व्हॉट्सअ‍ॅप केला आणि म्हणाली आम्ही पण अस्संच करतोय, सुतार ठरलाय. फोटो सुंदरच होता, पण मला काळजी वाटली कारण चौकटीचं लाकूड आगीच्या तोंडाला अगदी खेटून होतं आणि नेमकी हीच चूक मी स्वतः माझ्या घरात केलीये.

आमचं घर जुनं आहे, विटांची खरी फायरप्लेस, फक्त वर मॅन्टल नव्हतं. मॅन्टल म्हणजे ती चौकट आणि वरची फळी. आपल्या वाड्यांत कोनाड्याला जो मान तोच इकडे या फळीला, आई-बाबांचा फोटो तिथे, मुलीची बक्षिसं तिथे, डिसेंबरात तिचे ख्रिसमसचे मोजेपण तिथेच लटकणार. म्हणून म्हटलं घरीच करू. पाइनच्या फळ्या आणल्या (इथे एक बाय सहाची फळी मागितली की हातात पाऊण बाय साडेपाच इंचाचीच येते, हे माहीत नसेल तर सगळी मापं चुकतात), पाणसळ धरून विटांवर आधी एक पट्टी पक्की केली, तिच्यावर खोक्यासारखी पोकळ फळी चढवली, कोपरे पंचेचाळीसमध्ये कापले, फटीत लांबी भरली, पॉलिश पेपर मारून पांढरा रंग दिला. चार वीकेंड गेले आणि खरंच छान दिसत होतं.

जानेवारीत रोज संध्याकाळी लाकडं पेटवायला लागलो. दोन-तीन आठवड्यांनी पुसताना फळीच्या खालच्या अंगाला हात लागला तर रंगाला फोड आलेला, अंगठ्याने दाबला तर पापुद्राच निघून आला, आतलं लाकूड चहाच्या रंगाचं झालेलं आणि गाठीतून राळेचा चिकट थेंब लोंबत होता. मुलीची खोली बरोब्बर त्याच्यावर आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग नियम वाचले, जे आधी वाचायचे होते. इथल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये (घरबांधणीची नियमावली) विटांच्या फायरप्लेससाठी स्पष्ट लिहिलंय की तोंडापासून 6 इंचांच्या आत जळणारं काहीही नको, आणि तोंडाच्या वर 12 इंचांपर्यंत लाकूड असेल तर तोंडापासूनच्या दर एक इंच अंतरामागे ते भिंतीपासून फक्त 1/8 इंच पुढे आलेलं चालतं. माझी फळी तोंडाच्या 9 इंच वर होती, म्हणजे पुढे यायला परवानगी जेमतेम सव्वा इंचाच्या आतली, आणि मी ती 7 इंच पुढे काढलेली! शिवाय लाकूड रोज तापत राहिलं की आतून हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि मग आधीपेक्षा कमी उष्णतेलाही पेटतं, त्यामुळे महिनाभर काही झालं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं अजिबात नाही. सगळं उतरवलं, फळी 16 इंचांवर नेली, बाजूचे खांबपण लांब सरकवले.

आता आपल्याकडचं. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत फायरप्लेस आहेत पण त्या दगडी आणि धुराड्यासकट. आता हॉलमध्ये प्लायवूडची चौकट करून आत बायोइथेनॉलचा (स्पिरिटसारखं इंधन) बर्नर ठेवतात, त्याला धुराडं नाही म्हणून लोकांना वाटतं ही नुसती शोभा आहे. अहो ती खरी आग आहे! ज्योत इतकी फिकी असते की उजेडात पटकन दिसत नाही, विझली समजून गरम बर्नरमध्ये इंधन ओतलं की भडका उडतो, आणि खोलीतला ऑक्सिजन संपत जातो तो वेगळाच, त्यामुळे खिडकी थोडी उघडी हवीच. बर्नरच्या माहितीपत्रकात किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं, सुताराला ते आधी दाखवा. इलेक्ट्रिकवाली त्यातल्या त्यात बरी, पण 1500 वॅटची असेल तर 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर खेचते, ती 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका, 16 चाच पॉइंट काढून घ्या.

ताईला मी सांगितलंय की तोंडाच्या चारी बाजूंनी फूटभर कडप्पा लावून घे आणि सागवान त्याच्या बाहेरून सुरू कर. काळा कडप्पा आणि सागवान एकत्र दिसतंही छान. माझी एवढीच विनंती आहे की असे फोटो छापताना खाली दोन ओळी अंतराच्याही छापा, लोक फोटो दाखवूनच काम करून घेतात. ताईचा सुतार पुढच्या महिन्यात येणार आहे, फोनवरचं माझं बोलणं त्याला कितपत पटेल माहीत नाही, पण तुमच्या पेपरात आलं तर ताई कात्रण काढून त्याच्या हातात देईल.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी